चंद्राची शर्मिला मी केली

पुस्तकावर लेखकाचं नाव असतं, प्रकाशकाचं असतं, मुखपृष्ठ काढणाऱ्याचं असतं. छापखान्याचा तर पत्तासुद्धा असतो. प्रूफं तपासणाऱ्याचं नाव मात्र कुठेच नसतं. नोकरीच्या सुरुवातीला मला याचा राग यायचा. पुढे कळलं, ही सोय माझ्यासारख्यांच्या जिवासाठी केलेली आहे. नाव-पत्ता छापला असता तर चार लेखक तरी मला शोधत घरी आले असते, आणि त्यातले तीन चहा प्यायला नक्कीच आले नसते.

चौथी बाई होती. ती छापखान्यात आली, भर दुपारी, आणि अजिबात ओरडली नाही. मला तिच्याबद्दलच लिहायचंय. पण एकदम तिथवर जायचं धाडस होत नाही, म्हणून जरा लांबून येतो.

आमचा छापखाना मूळचा गिरगावातला. सत्तरचं दशक संपता संपता मालकांनी, म्हणजे आप्पांनी, महाप्याला शेड घेतली आणि खटारा यंत्रांसकट आम्ही खाडीपलीकडे आलो. मी वाशीच्या नव्या इमारतीत एका खोलीत राहायला आलो. ठाणे-बेलापूर रस्त्यावर बस सोडायची आणि पुढे खाणीच्या धुळीतून चालायचं. छापखान्यात पोचेपर्यंत सगळे जण नाटकात भुताचं काम करायला निघाल्यासारखे पांढरे झालेले असायचे. आप्पा स्वतःच प्रकाशक, स्वतःच मुद्रक. वाचनालयं ज्या कादंबऱ्यांवर जगायची त्या आम्ही काढायचो. महिन्याला दोन.

काम कसं चालायचं ते सांगतो, कारण आता ते सगळं भंगारात गेलंय. कंपोझिटर शिशाचे खिळे एकेक उचलून ओळ जुळवायचा. त्यावर शाई फिरवून एक कच्चा कागद काढायचा, तो प्रूफ. मी प्रूफ वाचून समासात चुकांच्या खुणा करायच्या, त्याने खिळे बदलायचे. सोळा पानांचा एक फर्मा. फर्मा छापून झाला की खिळे सोडून परत आपापल्या खणात टाकायचे, कारण पुढचा फर्मा त्याच खिळ्यांतून उभा करायचा असे. म्हणजे छापून झालेलं पान दुरुस्त करायचं म्हटलं, तर ते पान जगात उरलेलंच नसायचं.

कंपोझिटर होते जाधव. रत्नागिरीकडचे, बौद्ध, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. तुर्भ्याहून सायकलने यायचे. कमी बोलायचे, आणि बोलले की मला ‘साळवीसाहेब’ म्हणायचे. अख्ख्या शेडमध्ये मला साहेब म्हणणारा तो एकच माणूस, आणि तो शब्द त्यांच्या तोंडून शिवीसारखा लागायचा.

आता नावांकडे येतो. आमचे एक रहस्यकथाकार तीन प्रकाशकांसाठी एकाच वेळी लिहायचे. पहिल्या प्रकरणातला इन्स्पेक्टर राणे सातव्यात इन्स्पेक्टर भोसले झालेला असायचा. एकदा तर दुसऱ्या प्रकरणात मेलेला कारखानदार दहाव्यात जावयाला फोन करतो. मी भीत भीत विचारलं, “हा जिवंत कसा?”

“तो होय! तो दुसऱ्या कादंबरीतला आहे. खोडा त्याला,” असं म्हणून ते पान चघळत निघून गेले.

तेव्हापासून मी नावांची वही घातली. प्रत्येक कादंबरीतल्या प्रत्येक माणसाचं नाव, नातं, पहिल्यांदा कुठल्या पानावर आला, सगळं तीत. आप्पांनी पाठ थोपटली. मला चढली. टेबलासमोर मी पाटीच चिकटवली: ‘एक माणूस, एक नाव.’

या पाटीने पहिला बळी घेतला तो त्याच रहस्यकथाकारांचा. त्यांचा नायक रमाकांत वेश बदलून गोदीत शिरतो आणि रॉबर्ट म्हणून वावरतो. रॉबर्ट म्हणजेच रमाकांत, हे वाचकाला शेवटच्या पानावर कळायचं होतं, म्हणून लेखकही त्याला रॉबर्टच म्हणत होता. मी सगळं हस्तलिखित आधी वाचून काढलं होतं. मला ते माहीत होतं. मग मला माहीत असताना चूक कशी राहू द्यायची? केले सगळे रॉबर्ट रमाकांत. रहस्य बाराव्या पानावर फुटलं.

“साळवी,” ते म्हणाले, “या पुस्तकात एकच खून आहे आणि तो तुम्ही केलात.”

शहाणा माणूस यातून शिकला असता. मी बायकोला सांगितलं, “त्यांनाच नीट लिहिता येत नाही.”

अशा वेळी केळुसकरबाई आल्या. वाशीत शाळामास्तरीण. नवरा तळोज्याला कारखान्यात. कादंबरी लिहिली होती मुलांच्या दुरेघी वह्यांत, अक्षर असं की जाधवांनी पहिलं पान पाहून चष्मा पुसून ठेवला आणि म्हणाले, “याला चष्मा नको.” बाईंनी एकच मागणं मागितलं.

“प्रूफं मला दाखवाल ना? एकदाच. मी जास्त दिवस ठेवणार नाही.”

“बाई, निश्चिंत असा,” मी म्हणालो. “आणि नावांची तर काळजीच करू नका. नावांच्या बाबतीत इथे माझा हात धरणारा कुणी नाही.”

कादंबरीची नायिका चंद्रा. अडतिसाव्या पानावर तिचं लग्न होतं. आमच्याकडे रीतच आहे, ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. पाहुणे पेढे खातात, आणि सकाळपर्यंत जी एक होती ती दुपारी दुसरी होऊन जेवायला बसते. माझ्या लग्नात मीही लिहिलं होतं. यमुनाची माधुरी केली. अक्षर छान आलं म्हणून मामांनी कौतुक केलं होतं, एवढंच मला त्यातलं आठवत होतं. तर या चंद्राच्या ताटात नवऱ्याने लिहिलं, शर्मिला.

आणि इथून गडबड सुरू झाली, म्हणजे माझ्या लेखी. घरातले सगळे तिला शर्मिला म्हणतात, पण बाई स्वतः लिहिताना चंद्राच लिहितात. ‘“शर्मिला, चहा झाला का?” सासूबाईंनी विचारलं. चंद्राने स्टोव्हला पंप मारला.’ मला त्या स्वयंपाकघरात दोन बायका दिसायला लागल्या. एक हाका ऐकतेय, दुसरी काम करतेय. मी वही काढली, पाटीकडे पाहिलं आणि लाल पेन उघडलं. अडतिसाव्या पानापासून पुढे लेखिकेने जिथे जिथे चंद्रा म्हटलं होतं, तिथे तिथे शर्मिला.

जाधव प्रुफांचा गठ्ठा घेऊन माझ्या टेबलाशी आले. चंद्राच्या जागी शर्मिला बसवायचं म्हणजे ओळ लांबते, शेवटचा शब्द खाली ढकलावा लागतो, मग खालची ओळ तिच्या खालची ढकलते. पानंच्या पानं हलणार होती. मला वाटलं, त्याची तक्रार आहे.

“साळवीसाहेब, हे चुकून नाय झालेलं. बाईनं मुद्दाम केलंय.”

“मुद्दाम चूक कोण करतं?”

“चूक नाय. मी खिळा खिळा उचललाय. एका ठिकाणी बी ती विसरलेली नाय. माणसं बोलतात तिथं शर्मिला, आनि बाई बोलते तिथं चंद्रा. दीडशे पानं. विसरनारा मानूस असा विसरत नाय.”

“वाचकाचा गोंधळ होईल.”

“होऊ दे की. तिचा नाय झाला?” त्यांनी गठ्ठा टेबलावर ठेवला. “माझं नाव शाळेत मास्तरांनी धोंड्या लिवलं. धर्म घेतल्यावर मी ते बदाललं. माझं मी. तरी गावाला गेलो की हाक येते, ए धोंड्या. तेव्हा आतमदी काय होतं ते तुमच्या वहीत कुठं लिवनार? तुमी बाईला इचारा. इथून वाशी काय लांब हाय का?”

वाशी लांब नव्हती. मी तिथेच राहत होतो. बाईंची इमारत माझ्या इमारतीपासून पाच मिनिटांवर. मी रोज संध्याकाळी तिच्याखालून भाजी घेऊन जायचो. पण आप्पांना दिवाळीच्या सुट्टीआधी पुस्तक वाचनालयांत हवं होतं, आणि बाईंना प्रूफं दिली तर त्या चार दिवस ठेवणार हे मी परस्पर ठरवून टाकलं. खरं कारण ते नव्हतं. खरं कारण, कंपोझिटरने मला निवेदन शिकवावं हे मला सोसवलं नाही.

“जाधव, आपलं काम दुरुस्त करायचं,” मी म्हणालो. “विचार करायचं नाही.”

“बरं, साहेब,” ते म्हणाले, आणि चिमटा घेऊन खिळे काढायला बसले. तीन दिवस लागले त्यांना.

शेवटच्या पानावर तर मी कमालच केली. तिथे चंद्रा म्हातारी झालेली आहे. आई गेली, भाऊ गेले, तिला त्या नावाने ओळखणारं कुणी उरलेलं नाही. बाजारात मागून एक हाक येते, “चंद्रा!” आणि पुढे बाईंचं शेवटचं वाक्य होतं: ‘चंद्रा चालत राहिली.’ संपलं. मी मात्र पाहिलं की हाकेतलं चंद्रा तेवढं माझ्या लाल पेनातून निसटलंय. म्हटलं, व्वा साळवी, नजर आहे! केलं तेही शर्मिला. छापून आलं ते असं: ‘“शर्मिला!” शर्मिला चालत राहिली.’

फर्मे छापले, खिळे सोडले, पुस्तक गेलं.

पंधरा दिवसांनी एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं. नायिकेला शेवटी ऐकू येईनासं झालं, तर त्याची कल्पना लेखिकेने आधी द्यायला हवी होती, असा त्यात प्रेमळ सल्ला होता. मी ते शेडमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं आणि हसलो. बाइंडिंगच्या बायकाही हसल्या. जाधव हसले नाहीत. आणि तेव्हा दारात केळुसकरबाई उभ्या होत्या. केव्हापासून, ते माहीत नाही.

मी खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत. पिशवीतून पुस्तक काढून त्यांनी शेवटचं पान उघडलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

“हे कुणी केलं?”

मी आप्पांच्या केबिनकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं. एक क्षण, लाज वाटते सांगायला, जाधवांकडेही पाहिलं. कंपोझिटरची चूक म्हटलं की लेखक मुकाट्याने परत जातात, हे आमच्या धंद्यातलं जुनं औषध. जाधव माझ्याकडेच बघत होते. मग मी म्हणालो, “मी.”

“का हो?”

“एका बाईला दोन नावं... वाचकाला वाटेल...”

“घरात सगळ्यांनी तिला शर्मिला केली,” त्या म्हणाल्या. “नवऱ्याने, सासूने, पोस्टमनने. मी एकटी तिला चंद्रा म्हणत होते. तिला दुसरं कुणी नव्हतंच, साळवी. मीच होते.”

मी शुद्धिपत्र लावतो म्हणालो. पुस्तकात एक चिठ्ठी घालायची, अमुक पानापासून पुढे शर्मिलाऐवजी चंद्रा वाचावे.

“आणि माणसांच्या तोंडी? तिथे शर्मिलाच हवं. प्रत्येक ठिकाण वेगळं सांगावं लागेल तुम्हाला.”

त्यांनी शिक्षकासारखं समजावून सांगितलं. मला वाटतं, मी वर्गातला सर्वांत मठ्ठ मुलगा आहे हे त्यांच्या लक्षात आलं होतं, आणि मठ्ठ मुलावर त्या रागवत नसाव्यात. मला काहीतरी बोलायचं होतं म्हणून मी विचारलं, “चंद्रा म्हणजे... तुम्हीच का?”

“नाही. माझं माहेरचं नाव मी पुस्तकात घातलंच नाही,” त्या म्हणाल्या. “म्हणून तेवढं तुमच्या हाती लागलं नाही.”

“दुसरी कादंबरी लिहिताय म्हणाला होतात...”

“ती घरी आहे. घरीच राहील.”

आमचं हे चाललेलं असताना मागे खिळ्यांचा बारीक आवाज येत होता. जाधवांनी बाईंची वही उघडून शेवटच्या चार ओळी जशाच्या तशा जुळवल्या होत्या. शाई फिरवली, एक कागद दाबला आणि ओला कागद दोन बोटांत धरून त्यांच्यापुढे धरला.

“घ्या बाई. एवढंच जमतं आता.”

बाईंनी तो वाचला. मग डोळ्यांना पदर न लावता, नुसत्याच उभ्या राहून, कागद वाळेपर्यंत फुंकर घालत राहिल्या. वाळल्यावर पुस्तकात ठेवला आणि गेल्या. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहायला हवं होतं असंही नाही.

फाटकाशी चहा विकणारी हिराबाई, जवळच्या गावातली आगरीण, सगळं ऐकत होती. कप गोळा करता करता म्हणाली, “माजंबी बदाललं. बापानं लग्नान म्हस दिलेली, तिचं नाव हौशी. सासरी आली तरी ती हौशीच ऱ्हायली. म्हशीचं नाव कोन बदालतंय? दूध देयाची बंद व्हयाची.”

त्या दिवशी घरी गेलो. बायको आत ओट्याशी काहीतरी करत होती. दारात चप्पल काढता काढता मी हाक मारली, “यमुना!”

आतून लगेच आवाज आला, “कोण आलंय हो?”

“कुणी नाही,” मी म्हणालो.

शुद्धिपत्र मी तयार केलं. पान, ओळ, कुठलं शर्मिला चंद्रा करायचं आणि कुठलं तसंच ठेवायचं. अकरा पानं झालं. आप्पा म्हणाले, “अरे, हे शुद्धिपत्र आहे की दुसरा भाग?” आणि ते खणात टाकलं. त्यांचंही चुकलं नाही. असा कागद कुणी छापत नसतं. बाईंच्या इमारतीखालून मी भाजी आणायचं बंद केलं, लांबचा रस्ता धरला. दोनेक वर्षांनी कळलं, नवऱ्याला तळोज्याजवळ क्वार्टर्स मिळाल्या म्हणून त्या गेल्या. दुसरं पुस्तक आलं नाही. आमच्याकडे नाही, कुणाकडेच नाही. मी दर महिन्याला वाचनालयात नव्या पुस्तकांच्या फळीवर त्यांचं नाव पाहायचो. म्हणजे जे नाव मला माहीत होतं ते. दुसरं मी विचारलंच नव्हतं.

छापखाना पुढे बंद पडला. जाधव गावी गेले. निघताना मला म्हणाले, “साळवी, सांभाळून राहा.” साहेब गळून पडला होता, आणि मला तो हवासा वाटला.

रिकामा झाल्यावर मला एक वेड सुचलं. आमच्या सेक्टरातल्या वाचनालयात त्या कादंबरीची एक प्रत होती. मी रोज जाऊन कोपऱ्यात बसायचो आणि पेन्सिलीने, हलक्या हाताने, दोन-दोन पानं दुरुस्त करायचो. शर्मिलावर रेघ, वर चंद्रा. माणसांच्या तोंडचं तसंच. त्या अकरा पानांची माझ्याकडे नक्कल होती. शेवटचं पान झालं त्या दिवशी मी पुस्तक मिटून बराच वेळ मांडीवर ठेवलं. म्हटलं, एक प्रत तर झाली. कुणीतरी एक जण ती बरोबर वाचेल.

कुणीतरी वाचली. वर्षभराने मी ते पुस्तक पुन्हा काढलं. अडतिसाव्या पानापासून पुढे माझी प्रत्येक चंद्रा शाईने खोडली होती आणि उजव्या समासात निळ्या, टापटीप अक्षरात शर्मिला लिहिलं होतं. एकही जागा सुटली नव्हती. शेवटच्या पानावर हाकेतली चंद्रासुद्धा नाही. तिथे समासात लिहिलं होतं: ‘नायिकेचे नाव एकच ठेवावे. वाचकाचा गोंधळ होतो.’

मी खोडरबर काढला आणि परत खिशात ठेवला. शाईवर त्याचा काय उपयोग? ग्रंथपाल मुलीने माझ्या खांद्यावरून पाहिलं. “बघा ना काका, लोक पुस्तकांची काय दशा करतात. आता बादच करावं लागेल हे.” तिने आतल्या पानावर ‘बाद’ असा शिक्का मारला आणि पुस्तक रद्दीच्या ढिगावर ठेवलं.

ढिगातून ते मी घरी घेऊन आलो. अजून आहे. कधीतरी उघडतो, आणि त्या माणसावर रागवायचा प्रयत्न करतो. जमत नाही. एक तर खुणा बरोबर आहेत, उजव्या समासात, जिथे करायच्या तिथे. आणि अक्षर सोडलं, तर तो मीच आहे.